काढून टाकलेला वारा

पन्हाळ्यावर पुसाटी बुरुजाकडे जाणाऱ्या वाटेवर श्रीशैल म्हेत्रे आणि त्यांची बायको शालन कणसांची गाडी लावत. आषाढात तिथं वारा असा सुटतो की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. श्रीशैलना तर वारा नसतानाही येत नसे. इचलकरंजीत चौतीस वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवले होते आणि त्या खडखडाटाने दोन्ही कान हळूहळू कामातून गेले होते. पुढे कापसाच्या तुसाने छातीही धरली, तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून दोघं गडावर आली. हवा इतकी मोकळी असेल याची कल्पना डॉक्टरांनाही नसावी.

शालन त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. चोवीस माग चालू असताना ओरडून काही उपयोग नसतो. सांगायचं ते समोरच्याच्या कानाला तोंड लावून सांगायचं, ही मागवाल्यांची रीत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मागाचा धोटा अडकला, सुताचा बीम संपत आला, सगळं कानात. त्याच रीतीने एके दिवशी तिने श्रीशैलच्या उजव्या कानात सांगितलं की घरी स्थळं बघायला लागलेत, काय ते लवकर ठरवा. श्रीशैलनी मान हलवली आणि वैशाखात लग्न झालं.

मान हलवणं ही त्यांची जुनी खोड. कारखान्यात सगळेच हलवत. निम्मं ऐकू आलं, निम्मं नाही, तरी पुन्हा विचारायला वेळ कुणाला होता? पुढे कान गेले तशी ती मान फारच उपयोगी पडू लागली. समोरच्याचे ओठ थांबले, तो आपल्याकडे बघायला लागला, की हसून मान हलवायची. शंभरातली नव्वद माणसं त्यावर खूश होऊन निघून जात.

सहा वर्षांपूर्वी शालनच्या गळ्याची गाठ काढली, त्यात आवाजाची नस दुखावली. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता श्वास. त्या श्वासातच ती शब्द करायची. दुकानदार दोनदा ‘काय?’ विचारायचा आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. हुपरीच्या बहिणीशी, मालनशी, तासन्‌तास चालणारे फोन बंद झाले. तिचं बोलणं पोहोचेल असा एकच कान जगात शिल्लक होता, तो म्हणजे नवऱ्याचा उजवा. आणि तोही आता बुडत चालला होता.

अशा वेळी, २०३४ च्या उन्हाळ्यात, निलोफर सतारमेकर गडावर आली. वडील मिरजेत तंबोरे बनवणारे आणि पोरगी पुण्यात श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. वाऱ्यात राहणारी, कान गेलेली माणसं तिला चाचणीसाठी हवी होती. साठेक माणसं तिने राज्यभरातून गोळा केली होती. जुन्या यंत्राचा अनुभव श्रीशैलना होताच. घरात बरं चालायचं, पण गाडीवर उभं राहिलं की कानात नुसता लोंढा कोसळायचा. म्हणून ते यंत्र डब्यात पडून होतं.

निलोफरने नवं यंत्र त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावरची दोन बारीक छिद्रं दाखवली. दोन्हींत तांदळाच्या दोन दाण्यांएवढं अंतर. हे यंत्राचे दोन कान, ती म्हणाली. लांबून कुणी हाक मारली तर त्या आवाजाची लाट दोन्ही छिद्रांवर जवळपास सारखीच येते. वाऱ्याचं तसं नाही. वारा यंत्राच्या कडेवर आपटतो, फुटतो, त्याचे बारके बारके भोवरे होतात, आणि प्रत्येक छिद्रात वेगळाच गोंधळ उठतो. दोन्ही छिद्रांची साक्ष जुळली तर तो आवाज, जुळली नाही तर तो वारा. यंत्र सेकंदाला शेकडो वेळा ही साक्ष तपासतं आणि वारा तेवढा काढून टाकतं.

पण काही वेळा यंत्रालाही उमगत नाही. अशा वेळी ते आवाज तसाच आत सोडतं आणि त्याचा तुकडा फोनमध्ये जपून ठेवतं. संध्याकाळी फोन ते तुकडे ऐकवेल, तुम्ही फक्त एक बटण दाबायचं. हिरवं म्हणजे बोलणं, पांढरं म्हणजे वारा. जसं सांगाल तसं ते शिकत जाईल, आणि तुमच्या कानाशी शिकलेलं थोडं थोडं बाकीच्यांच्या यंत्रांनाही कळेल. हिरवे तुकडे कंपनीतली दोन-तीन माणसं तपासायला ऐकतात, हेही तिने स्पष्ट सांगितलं. श्रीशैलनी मान हलवली. या वेळी खरोखर ऐकू आलं होतं.

पहिले पंधरा दिवस नुसता सण होता. श्रीशैलना कणसाचे दाणे तडतडलेले ऐकू आले. आणि शालन उजव्या कानाशी आली की तिचा शब्दन्‌शब्द ऐकू येऊ लागला. ती तर सुटलीच. आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला, शेजारच्या ताकवाल्याची टिंगल, लेकीची काळजी, सगळं सहा वर्षांचं तुंबलेलं. श्रीशैल कणसं भाजता भाजता हसायचे आणि गिऱ्हाइकांना वाटायचं म्हातारा भलताच आनंदी आहे.

संध्याकाळी गाडी आवरल्यावर ते बाकावर बसून फोन उघडत. पहिल्याच दिवशी पाच-सहा झोत वाऱ्याचे झाले आणि मग एकदम, थेट कानात, शालनचा श्वास आला. “ह्या पांढऱ्या शर्टात लई झ्याक दिसतासा. आत्ताच लगीन झाल्यागत वाटतंय.”

सहासष्टाव्या वर्षी श्रीशैलचे कान तापले. तुकडा का अडला ते त्यांच्या लक्षात आलं. शालन कानाशी बोलायची म्हणजे तिचा श्वासच त्या दोन छिद्रांवर आपटायचा, भोवरे करायचा. यंत्राच्या दृष्टीने तो वाराच, पण त्यात शब्दांसारखं काहीतरी होतं, म्हणून बिचारं विचारत होतं. हिरवं बटण दाबलं तर पुण्यात कुणीतरी पोरंटोरं कानाला लावून हे ऐकणार. नवरा-बायकोचं बोलणं असं चव्हाट्यावर मांडायचं? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पांढरं बटण दाबलं. वारा.

दुसऱ्या दिवशी जावयाबद्दलचं काहीतरी होतं. वारा. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या गळ्याच्या व्रणाबद्दल जे म्हटलं ते तर अगदीच घरातलं. वारा. आपण बायकोची अब्रू राखतोय याचं त्यांना समाधानही वाटत होतं. शालनला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. उगाच ती बोलायची थांबली असती.

यंत्र मात्र आज्ञाधारक होतं. महिनाभरात ते वाऱ्याच्या बाबतीत इतकं पटाईत झालं की बुरुजावर ढग अंगावरून पळत असताना श्रीशैलना पलीकडच्या पोरांचं कुजबुजणं कळायचं. फोनवरचे प्रश्न कमी होत होत बंद झाले. ते खुशीत होते. इतके खुशीत, की शालन गप्प झाली आहे हे त्यांच्या चार-पाच दिवस ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा वाटलं, रुसली असेल. ती जवळ यायची, तिच्या बांगड्या मानेपाशी किणकिणायच्या, श्वास कानाच्या पाळीला लागायचा, आणि मग ती मागे व्हायची. ती नुसतीच जवळ येऊन उभी राहते, असं त्यांना वाटायचं. यंत्राकडे बोट दाखवायचं त्यांना सुचलंच नाही, कारण यंत्र तर बाकी सगळं ऐकवत होतं.

एके दुपारी दाट धुकं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. शालन उजव्या कानाशी आली आणि बराच वेळ थांबली. मग मागे होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती एवढं त्यांना कळलं. त्यांनी हसून मान हलवली.

शालनने नजर खाली घातली आणि ती शेगडीतली राख काढायला लागली. दुसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा ती घरात नव्हती. कॅलेंडरवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मालनकडे जाते. दूध तापवलंय.’

दूध उतू जाऊन पुन्हा निवलेलं होतं. श्रीशैल त्या पातेल्याकडे बघत बसले. चाळीस वर्षांत ती न सांगता कुठे गेली नव्हती. घर ऐकू येत होतं, नळ ऐकू येत होता, वरच्या पत्र्यावरचा कावळासुद्धा, आणि ज्या एका आवाजासाठी त्यांनी हे यंत्र घातलं होतं तो नव्हता. त्यांनी निलोफरला फोन लावला आणि यंत्र चांगलं आहे पण बायको ऐकू येत नाही, असं चाचरत सांगितलं.

निलोफरने तिकडे बसून यंत्राची सगळी नोंद उघडली. एकेक खूण तपासली.

“काका, यंत्र बरोबर चाललंय,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही शिकवलंत तसंच. एकशे शहाऐंशी तुकड्यांवर तुम्ही वारा म्हणून खूण केली आहे. ते तुकडे एकमेकांशी इतके जुळतात की तो वारा असणं शक्य नाही. त्या काकू आहेत का?”

श्रीशैलनी खरं ते सांगितलं. पोरीच्या वयाच्या मुलीला हे सांगताना त्यांना घाम फुटला. ती हसली नाही. यंत्राला आता शंकाच उरलेली नाही, काकूंचा श्वास दिसला की ते न विचारता काढून टाकतं, असं तिने समजावलं. आणि गोष्ट एकट्या त्यांच्यापुरती राहिली नव्हती. नगरकडच्या एका बाईने कळवलं होतं की अंथरुणाला खिळलेल्या आईचं पुटपुटणं महिन्याभरात ऐकू येईनासं झालं आहे. कंपनी कारण शोधत होती. ते आता सापडलं.

उपाय होता. काढून टाकलेला वारा यंत्र तीन महिने फोनमध्ये साठवतं. त्यातले शालनचे तुकडे निवडून त्यांवर हिरवी खूण केली तर यंत्र पुन्हा शिकेल. पण मग ते तुकडे माणसं ऐकणार, त्याला इलाज नाही.

“आणि ते तुम्ही ठरवायचं नाही, काका,” निलोफर म्हणाली. “आवाज काकूंचा आहे.”

श्रीशैल त्याच दिवशी हुपरीला पोहोचले. मालन दाराशी बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडत होती. तिने मेव्हण्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि तोंड फिरवलं. शालन आतून आली, समोरच्या भिंतीला टेकून बसली. श्रीशैलनी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, पांढऱ्या बटणासकट. ती ऐकत होती की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग त्यांनी फोन मध्ये जमिनीवर ठेवला, आवाज मोठा केला आणि काढून टाकलेला वारा सुरू केला.

आधी खरा वारा आला, घोंघावत. मग यंत्राने स्वच्छ केलेला, मोठा झालेला शालनचा श्वास खोलीभर पसरला. ताकवाल्याच्या मिशीला ताक लागलं होतं, ते पुसायला त्याला कुणीतरी सांगा, असं ती म्हणत होती.

मालनच्या हातातलं पैंजण खाली पडलं. सहा वर्षांत तिने बहिणीचं सलग एक वाक्य ऐकलं नव्हतं. ती सरकत फोनपाशी आली आणि डोळ्यांना पदर लावून ऐकायला लागली. पुढचा तुकडा लेकीच्या बाळंतपणाचा होता. त्याच्या पुढचा मालनच्या हातच्या पिठल्याचा होता आणि त्याने भिंतीच्या भेगा चांगल्या बुजतील, असं त्यात म्हटलेलं होतं. मालन रडता रडता हसायला लागली आणि तिने शालनच्या पाठीत एक धपाटा घातला. श्रीशैल एकेका तुकड्याला आत्ता, महिन्याने, उत्तर देत होते. लेकीकडे भाद्रपदात जाऊ. शेगडी बदलायचीच आहे. गुडघ्याला तेल मी लावून देईन, सांगायचं नाही का. शालनची नजर हळूहळू वर आली.

मग तो धुक्याच्या दुपारचा तुकडा लागला. “माझं बोलणं नकोसं झालंय का तुमास्नी? म्हैना झाला, एका शब्दाला जबाब न्हाई. कटाळा आला असंल तर सांगा, मी गप ऱ्हाईन.” आणि पुढे नुसता वारा.

आपण यावर मान हलवली होती, हसून, हे श्रीशैलना कळलं आणि त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं. ते उठले नाहीत.

“मला ऐकूच आलं न्हवतं,” ते म्हणाले. “तू बघाय लागलीस म्हणून नुसती मान हलवली. असंच करतोय मी. लई वर्सं झाली.”

शालनने काहीतरी विचारलं. मालनने पहिल्यांदाच तिच्या तोंडाशी कान नेला आणि मोठ्याने श्रीशैलना सांगितलं, कारखान्यात स्थळांचं सांगितलं त्या दिवशीपण नुसतीच मान का, असं ती विचारते आहे.

“ते ऐकलं हुतं,” श्रीशैल म्हणाले. “तेवढं पक्कं ऐकलं हुतं.”

शालनच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. पण फोनवर आता हिरवं आणि पांढरं अशी दोन बटणं दिसत होती आणि ते काम राहिलंच होतं. श्रीशैल घाईने म्हणाले की तिची इच्छा नसेल तर राहू दे, परक्या माणसांनी आपलं घरातलं का ऐकायचं, आपण पाटीवर लिहून बोलू. नगरच्या त्या आईचं मात्र त्यांनी सांगितलं, कारण ते लपवणं बरोबर नव्हतं.

शालनने फोन उचलला आणि हिरवं बटण दाबलं. पुढचा तुकडा, हिरवं. मधूनच बोटाने डोळे पुसत ती भराभर दाबत सुटली. पांढऱ्या शर्टाचा तुकडा आला तेव्हा श्रीशैलचा हात पुढे झाला, तो तिने बाजूला केला. मग थांबून, त्यांच्याकडे बघत, ती सावकाश बोलली आणि मालन एकेक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवत गेली.

“ती म्हणतीया, तुम्ही माझी लाज राखाय गेलासा. खरं सहा वर्सांत माझं कोण ऐकलंय? हाटेलात चा मागितला तर पोरगं दुसरीकडं बघतंय. ऐकू देत की चार माणसं. मी हाय, एवढं तरी कळंल कुणाला.”

हे सांगताना मालनचाच आवाज फुटला. श्रीशैलना मान हलवावीशी वाटली. त्यांनी ती हलवली नाही. आपण राखलं ते तिचं काहीच नव्हतं, आपला संकोच राखला, आणि तो राखताना जगात तिला उरलेला एकुलता एक कान आपणच बंद केला, हे त्यांनी तसंच्या तसं बोलून दाखवलं. शालन त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि उरलेले तुकडे दोघांनी मिळून हिरवे केले. संध्याकाळी मालनने पिठलं केलं आणि ते सगळ्यांनी नावं न ठेवता संपवलं.

यंत्र शिकायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी निलोफरचा फोन आला. तिच्या गटातल्या दोघा पोरांनी काकूंचे तुकडे ऐकले होते आणि आता ती दोघं ताकवाला बघायला गडावर यायचं म्हणत होती. नगरच्या बाईचाही निरोप होता. आईने पाणी मागितलेलं तिला पुन्हा ऐकू आलं. शालनने हा निरोप श्रीशैलकडून दोनदा सांगून घेतला.

त्या दिवशी बुरुजावर वारा वेड्यासारखा सुटला होता. शेगडीतल्या ठिणग्या आडव्या उडत होत्या आणि गाडीपुढे कोल्हापूरची आठ-दहा माणसं कणसांसाठी उभी होती. शालन उजव्या कानाशी आली आणि काहीतरी बोलली. यंत्राने धडपड केली, पण इतक्या वाऱ्यापुढे त्याचंही काही चाललं नाही. ती मागे झाली आणि श्रीशैलच्या तोंडाकडे बघत राहिली.

“ऐकू न्हाई आलं,” श्रीशैल म्हणाले. “परत सांग.”

ती परत बोलली. नुसती फुंकर लागली, शब्द नाहीच. गिऱ्हाइकं चुळबुळायला लागली होती, एक कणीस करपत होतं. श्रीशैलनी चिमटा खाली ठेवला, वाऱ्याकडे पाठ करून तो अडवला आणि वाकून कान तिच्या तोंडाशी नेला.

“न्हाईच आलं. आणि एकदा सांग.”

तिसऱ्यांदा मात्र तिचा श्वास शब्दन्‌शब्द आत आला.

“काय न्हाई,” शालन म्हणाली. “परत विचारतासा का, तेवढं बघितलं.”